कवीला न मानवलेली तबकडी

१९१७ साली लंडनमध्ये कोलंबिया कंपनीनं सहा इंग्रजी गाण्यांचा एक संच ध्वनिमुद्रित केला. साथीला पियानो आणि तंतुवाद्यांची चौकडी, म्हणजे दोन व्हायोलिनं, एक व्हिओला आणि एक चेलो. गायक होता जर्व्हास एल्वेस, पियानोवर फ्रेडरिक किडल आणि चौकडी होती लंडन स्ट्रिंग क्वार्टेट. रचनेचं नाव ‘ऑन वेनलॉक एज’, संगीतकार राल्फ व्हॉन विल्यम्स, आणि शब्द ए. ई. हाउसमन या कवीचे. महायुद्ध ऐन भरात होतं. संगीतकार स्वतः सैन्यात होता. तबकड्यांचा बाजार चालत होता तो विनोदी गाण्यांवर, बँडवर आणि ऑपेरातल्या दोन-चार गाजलेल्या पदांवर. अशा वेळी बावीस-तेवीस मिनिटांची, सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकली तरच अर्थ लागणारी एक गंभीर रचना मेणावर उतरवायची हा धंद्याच्या दृष्टीनं वेडेपणाच होता. इंग्रजी कलागीताच्या ध्वनिमुद्रणाची गोष्ट सांगायची तर ती इथूनच सुरू करावी लागते.

कलागीत, त्यांच्या भाषेत आर्ट साँग, म्हणजे काय हे मराठी वाचकाला समजावणं फारसं अवघड नाही. आपल्या भावगीतासारखी आधी छापलेली, स्वतंत्रपणे उभी असलेली कविता असते आणि नंतर तिला चाल लागते. फरक पुढे आहे. भावगीतात साथीदाराला बऱ्यापैकी मोकळीक असते. कलागीतात पियानोचा प्रत्येक स्वर संगीतकारानं लिहून ठेवलेला असतो, आणि तो पियानो नुसती साथ करत नाही, गायक जे बोलत नाही ते बोलत राहतो. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला व्हिएन्नात शूबर्टनं हा प्रकार अशा उंचीवर नेला की पुढची शंभर वर्षं गंभीर गाणं म्हणजे जर्मन गाणं असं समीकरणच होऊन बसलं. इंग्लंडकडे उत्तम कवी होते, पण संगीत नसलेला देश म्हणून जर्मन लोक त्याची टर उडवत. दिवाणखान्यात पियानोजवळ उभं राहून म्हणायची गोडगोड बॅलडं इंग्लंडात पोत्यानं विकली जात होती. त्यांनी ही अपकीर्ती धुऊन निघणार नव्हतीच.

हाउसमन हा या गोष्टीतला सगळ्यांत विलक्षण माणूस. पेशानं लॅटिनचा प्राध्यापक, आधी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात आणि १९११पासून केंब्रिजला. प्राचीन लॅटिन पोथ्यांचे पाठ शुद्ध करणं हे त्याचं काम, आणि त्या कामात चूक करणाऱ्या सहकाऱ्यांना तो छापील लेखांतून असा सोलून काढी की त्याची टीका आजही लोक चवीनं वाचतात. अशा माणसानं १८९६ साली ‘अ श्रॉपशर लॅड’ नावाचा ६३ कवितांचा संग्रह काढला, तोही पदरचे तीस पौंड घालून. पहिली आवृत्ती ५०० प्रतींची, आणि तीही लवकर खपेना. कवितांतला नायक म्हणजे खेड्यातला तरुण पोरगा. तो शेत नांगरतो, फुटबॉल खेळतो, प्रेमात पडतो, फौजेत जातो, फासावर चढतो. आणि बहुतेक वेळा फार लवकर मरतो. भाषा इतकी सोपी की शाळकरी मुलालाही कळावी. गंमत अशी की श्रॉपशर परगण्याशी कवीचा संबंध नाममात्र होता. तो शेजारच्या वूस्टरशरचा. लहानपणी त्याला पश्चिमेच्या क्षितिजावर श्रॉपशरच्या टेकड्या दिसत, एवढंच. कवितांतला बराचसा श्रॉपशर त्यानं लंडनच्या हायगेट भागातल्या भाड्याच्या खोलीत बसून उभा केला.

बोअर युद्धाच्या काळात हे पुस्तक खपायला लागलं आणि पहिल्या महायुद्धात तर खंदकातल्या सैनिकांच्या खिशात जाऊन बसलं. मरणाऱ्या तरुणांवर वीस वर्षांपूर्वी लिहिलेल्या कविता मरणाऱ्या तरुणांच्याच हाती पडल्या. त्याआधीच संगीतकारांची त्यांच्यावर झुंबड उडाली होती. छोटी कडवी, स्पष्ट यमकं, एकेका कवितेत एक गोष्ट. चाल लावायला यापेक्षा सोयीचं काय हवं? शिवाय हाउसमनचं एक चमत्कारिक धोरण होतं. संकलनकारांनी या संग्रहातली कविता मागितली की तो नकार देई, संगीतकारांना मात्र फुकट परवानगी देई. संगीताचा त्याला फारसा गंधही नव्हता. परवानगी देताना आपण काय देतोय याची त्याला पुरती कल्पना नसावी, असं मला वाटतं.

व्हॉन विल्यम्स त्याच्याकडे वळला तो थोड्या आडवाटेनं. त्याचा जन्म १८७२चा. १९०३च्या डिसेंबरात एसेक्समधल्या इन्ग्रेव्ह गावी एका म्हाताऱ्या शेतमजुरानं त्याला एक लोकगीत ऐकवलं आणि त्यानंतर काही वर्षं तो वही घेऊन इंग्लंडभर लोकगीतं गोळा करत हिंडला. आठशेहून अधिक गाणी त्यानं टिपली. ब्राम्सच्या जर्मन वळणातून बाहेर पडायची एक वाट त्याला तिथे मिळाली, पण हातात कसब अजून जडच होतं. १९०७च्या अखेरीस तो पॅरिसला मॉरिस राव्हेलकडे शिकायला गेला. गुरू शिष्यापेक्षा तीन वर्षांनी लहान! पहिल्याच भेटीत राव्हेलनं त्याला मोझार्टच्या ढंगात एक छोटासा मिन्युएट लिहून आणायला सांगितला. आपण वेळ, काम आणि मित्र सोडून इथे मिन्युएट लिहायला आलेलो नाही, असं पस्तिशीच्या या आडमाप इंग्रजानं सरळ सांगून टाकलं. तरी दोघांचं जमलं. जेमतेम तीन महिन्यांच्या त्या शिकवणीतून तो एक गोष्ट पक्की शिकून आला. वाद्यांचा रंग हा रचनेवर मागाहून चढवायचा मुलामा नव्हे, विचारच त्या रंगातून करायचा असतो. पॅरिसहून आल्यावर तंतुवाद्यांच्या चौकडीसाठी लिहिलेली त्याची रचना ऐकून एका मित्रानं, हा फ्रेंच संगीतकार देब्युसीबरोबर चहा पिऊन आलेला दिसतो, अशा अर्थाची कोपरखळी मारली होती. १९०९ साली ‘ऑन वेनलॉक एज’ पुरं झालं आणि त्याच वर्षी १५ नोव्हेंबरला लंडनच्या एओलियन हॉलमध्ये एल्वेसनं ते पहिल्यांदा गायलं. त्या दिवशी एल्वेसचा त्रेचाळिसावा वाढदिवस होता.

सहा गाण्यांचा हा क्रम नीट पाहण्याजोगा आहे. वेनलॉक एज ही श्रॉपशरमधली चुनखडीची लांबलचक डोंगरधार. पहिल्या गाण्यात त्या धारेवरच्या रानात वादळ घोंघावतंय. आणि आज आपल्याला झोडपणारा हा वारा इथे रोमन शहर होतं तेव्हाही असाच एखाद्या रोमन माणसाला झोडपत असेल, तोही गेला आणि मीही जाईन, असा विचार येतो. तंतुवाद्यं इथे सारखी थरथरत राहतात, पियानो खालून उसळतो. दुसरं गाणं एकदम निवांत. संथ, भरघोस स्वरसंघात आणि त्यावर जवळजवळ बोलल्यासारखा आवाज. तिसऱ्यात मेलेला मित्र जिवंत मित्राला प्रश्न विचारतो. माझी बैलजोडी, म्हणजे तिथे अर्थात घोडे, अजून नांगराला जुंपतात का? माझी मुलगी कशी आहे? मुलगी म्हणजे प्रेयसी. शेवटच्या उत्तरात उलगडतं की ती आता त्याच मित्राच्या कुशीत आहे. चौथं गाणं चटकन संपणारी थट्टा. पाचवं ‘ब्रेडन हिल’ हे सगळ्यांत मोठं: उन्हाळ्यातला रविवार, टेकडीवर पडलेलं जोडपं, खालच्या गावांतून येणारे चर्चच्या घंटांचे आवाज, मग हिवाळा येतो आणि एकच घंटा वाजते ती त्या मुलीच्या अंत्ययात्रेची. सहाव्या ‘क्लन’मध्ये या सगळ्यावर हळूहळू संध्याकाळ उतरते.

‘ब्रेडन हिल’ ऐकताना चौकडीचा उपयोग काय ते कळतं. एकटा पियानो घंटा वाजवू शकतो. पण उन्हात तापलेल्या टेकडीवरची हलकी हवा, जिच्यातून त्या घंटा तरंगत येतात, ती धरून ठेवायला तंतुवाद्यंच लागतात. पियानोचा स्वर वाजताक्षणी विरायला लागतो, व्हायोलिनचा स्वर गज फिरेतोवर टिकतो. एकीकडे विरणारं आणि दुसरीकडे टिकणारं अशी दोन द्रव्यं हाताशी आल्यावर व्हॉन विल्यम्सनं तिसऱ्या गाण्यात तीच दोन पात्रांना वाटून दिली. मेलेल्याच्या कडव्यांना दबकी, स्थिर तंतुवाद्यं, आणि दुरून आल्यासारखं गा अशी गायकाला सूचना. जिवंत माणसाच्या उत्तरांना पियानोची धडधड.

इथेच कवी आणि संगीतकारामध्ये ठिणगी पडली. मूळ कवितेतली फुटबॉलची दोन कडवी व्हॉन विल्यम्सनं सरळ गाळली. हाउसमनच्या कानावर ते गेलं तेव्हा, १९२० साली, त्यानं आपला प्रकाशक ग्रँट रिचर्ड्स याला लिहिलं: मी त्याच्या संगीतातली दोन आवर्तनं काढून टाकली तर त्याला कसं वाटेल? व्हॉन विल्यम्सचं म्हणणं असं की अर्थाला धक्का लागत नसेल तर कवितेतला हवा तेवढा भाग घ्यायचा संगीतकाराला हक्क आहे. वर, असल्या ओळी गाळल्याबद्दल कवीनं आभारच मानायला हवेत अशी पुस्तीही त्यानं जोडली. वादात मी कवीच्या बाजूचा आहे. ती कडवी फालतू नाहीत. प्रेताला फुटबॉलची आठवण येणं हाच त्या कवितेचा कडवट विनोद आहे, आणि तो काढला की गाणं जरा जास्तच गंभीर होतं. समीक्षकांतही जुंपली होती. १९१८ साली अर्नेस्ट न्यूमननं या नाट्यमय चालींवर झोड उठवली आणि एडविन इव्हान्सनं त्यांची पाठराखण केली.

याच कवितेला जॉर्ज बटरवर्थनं १९११ साली लावलेली चाल शेजारी ठेवून ऐकावी. पूर्ण कविता, फक्त पियानो, भुताचा आवाज हळू आणि खाली उतरत जाणारा, जिवंताचा खणखणीत, बस्स. इतक्या थोडक्यात इतकं साधणं व्हॉन विल्यम्सलाही जमलेलं नाही. बटरवर्थ ५ ऑगस्ट १९१६ रोजी सोमच्या लढाईत पोझिएर गावाजवळ मारला गेला. वय ३१. त्याचा देह सापडलाच नाही, नाव तेवढं थिएपवालच्या स्मारकावर कोरलेलं आहे. १९१२ सालच्या एका मूक फिल्ममध्ये तो मॉरिस हे इंग्रजी लोकनृत्य करताना दिसतो.

आता गायकाकडे वळू. जर्व्हास एल्वेस हा खानदानी जमीनदार घरातला, ऑक्सफर्डला शिकलेला, काही वर्षं व्हिएन्ना आणि ब्रसेल्सच्या वकिलातींत काम केलेला. अशा घरातल्या माणसानं पैसे घेऊन गाणं म्हणजे त्या समाजात भुवया उंचावणारी गोष्ट. तो व्यवसायात उतरला तोच वयाच्या छत्तिशीत. ऑपेराच्या रंगमंचाचे संस्कार त्याच्या गळ्यावर झालेच नव्हते. टाळीसाठी वरचा स्वर ताणायचा, हुंदका घालायचा, यातलं त्याच्याकडे काही नव्हतं. जे होतं ते असं: हलका, सरळ टेनर आवाज, सभ्य माणसाच्या बोलण्याइतकं स्वच्छ उच्चारण, आणि शब्दावर विश्वास. एल्गरच्या ‘ड्रीम ऑफ जेरॉन्शियस’मधली मुख्य भूमिका त्यानं शंभराहून अधिक वेळा गायली. रॉजर क्विल्टरसारखे संगीतकार तर त्याचा आवाज डोळ्यांसमोर ठेवूनच गाणी लिहीत.

असा आवाज १९१७च्या ध्वनिमुद्रणाच्या खोलीत उभा राहिला तेव्हा काय झालं, हे समजायला ती खोली पाहायला हवी. मायक्रोफोन नाही, वीज नाही. ध्वनिमुद्रणात वीज आली ती १९२५ साली. भिंतीतून बाहेर आलेला एक मोठा कर्णा. त्याच्या निमुळत्या टोकाला एक पातळ पडदा, पडद्याला जोडलेली सुई, आणि सुईखाली फिरणारी मेणाची जाड चकती. गायकाच्या आणि वाद्यांच्या आवाजानं हवा जेवढी हलेल, तेवढ्याच बळावर सुई मेणात चर खोदणार. मेण मऊ राहावं म्हणून खोली उबदार ठेवलेली. वादक कर्ण्याभोवती खेटून बसलेले, कोपराला कोपर लागतंय. पियानोचं लाकडी पाठफळ काढून तो उंच चौथऱ्यावर चढवायचा, म्हणजे त्याचा आवाज कर्ण्यात जाईल. गायक सगळ्यांत पुढे. आणि जोराचा स्वर आला की त्यानं डोकं मागे घ्यायचं, नाहीतर सुई भरकटून चकती वाया. दुरुस्ती नाही, जोडकाम नाही. कापलेलं मेण लगेच वाजवून बघितलं तर ते खराब होणार, म्हणून गाताना जे झालं त्याचा निकाल पुढे धातूचा ठसा निघून तबकडी हाती आल्यावरच.

हा कर्णा फार पक्षपाती होता. खूप खालचे आणि खूप वरचे स्वर त्याला ऐकूच येत नसत. व्हायोलिनचा आवाज पुरत नाही म्हणून अनेक ठिकाणी लाकडी पोटाऐवजी धातूचा भोंगा बसवलेली स्ट्रोह व्हायोलिनं वापरत. पियानो खोक्यात बंद केल्यासारखा उतरे. घंटेचा गुणच मुळी तिच्या वरच्या उपस्वरांत असतो. ते छाटले गेल्यावर ‘ब्रेडन हिल’च्या घंटांचं काय उरणार? पहिल्या गाण्यातली तंतुवाद्यांची सळसळ तबकडीच्या स्वतःच्या खरखरीत मिसळून जाते, आणि कुठलं वादळ संगीतकाराचं नि कुठलं तबकडीच्या लाखेचं हे कळेनासं होतं. त्या चौकडीचं नेतृत्व अल्बर्ट सॅमन्सकडे होतं, तेव्हाच्या उत्तम इंग्रज व्हायोलिनवादकांपैकी एक. तोही इथे पडद्याआडून वाजवल्यासारखा वाटतो.

पण मधल्या पट्टीतला टेनर आवाज आणि नेमके शब्द, यांच्यावर कर्ण्याची मेहेरनजर. तिसरं गाणं घ्या. मेलेला माणूस अगदी हळू, दुरून बोलतोय असं हवं. रंगमंचावर ते सोपं आहे, आवाज बारीक करायचा आणि सभागृहाच्या शांततेवर भिस्त ठेवायची. कर्ण्यासमोर आवाज बारीक केला की तो खरखरीत बुडालाच. म्हणजे दूरपणा दाखवायचा, पण दूर जायचं नाही. एल्वेस इथे आवाज कमी करण्याऐवजी त्यातला रंग कमी करतो. कंप जवळजवळ काढून घेतो, शब्द सपाट ठेवतो. उत्तर देणारा मित्र मात्र श्वासात घाई घेऊन येतो. आवाजाच्या लहानमोठेपणावर नव्हे तर पोतावर भेद दाखवायची ही रीत पुढच्या इंग्रज टेनर गायकांनी इतकी आपलीशी केली की तीच इंग्रजी गायकी म्हणून ओळखली जाऊ लागली. तिचं श्रेय आपण कवितेला देतो, इंग्रजी संयमाला देतो. माझ्या मते थोडं श्रेय त्या पत्र्याच्या कर्ण्यालाही द्यायला हवं.

कालमर्यादेची कात्री वेगळीच. बारा इंची तबकडीच्या एका बाजूला चार-साडेचार मिनिटं मावत. आपल्याकडे याच मर्यादेत आणि त्याहूनही कमी वेळात तासाभराचा ख्याल तीन मिनिटांत आवळून गाण्याची कला गवयांनी कमावली आणि नाट्यपदांच्या तबकड्या घरोघर गेल्या. त्यात निदान गायकाला काय ठेवायचं, काय सोडायचं हे ठरवता येत होतं. लिहून ठेवलेल्या रचनेत ती सोय नाही. ‘ब्रेडन हिल’ला सात मिनिटांच्या आसपास लागतात, ते एका बाजूला बसणारच नाही. ऐकणाऱ्यानं उठायचं, तबकडी पालटायची, सुई बदलायची, कळ फिरवायची. तेवढ्या वेळात संध्याकाळ उतरायची कशी? आणि एक बारीक भानगड. कोलंबियाच्या त्या काळातल्या अनेक तबकड्या मिनिटाला ७८ नव्हे, ८० फेऱ्यांनी वाजवायच्या असत. ७८वर लावल्या की गाणं थोडं संथ होतं आणि सूर पाव स्वराच्या जवळपास, म्हणजे सरावलेल्या कानाला खटकेल इतका, उतरतो. जुनी ध्वनिमुद्रिका ऐकून एखाद्या गायकाचा आवाज जड होता असं मत देण्याआधी तबकडी कुठल्या वेगानं फिरवली होती हे विचारावं. या तबकड्या ज्या लाखेच्या बनत, ती लाख जगाला मुख्यत्वे हिंदुस्थान पुरवत असे. छोटा नागपूरच्या जंगलातल्या पळस-कुसुमाच्या फांद्यांवरचे किडे ती तयार करत.

एल्वेसची ही ध्वनिमुद्रिका पुढे खुद्द कवीनं ऐकली. पर्सी विदर्स या हाउसमनच्या स्नेह्यानं आपल्या आठवणींत तो प्रसंग लिहून ठेवला आहे. पाहुण्याला आनंद होईल म्हणून त्यानं घरी व्हॉन विल्यम्सच्या चालींच्या, एल्वेसनं गायलेल्या तबकड्या लावल्या. काही बाजू वाजून झाल्यावर सहज वळून पाहिलं तर हाउसमन खुर्चीत ताठ बसलेला, चेहरा लाल, संताप की वेदना की दोन्ही आवरतोय अशा अवस्थेत. मत विचारण्याची यजमानाची छाती झाली नाही. त्याला नेमकं काय खुपलं? गाळलेली कडवी म्हणावीत तर ती एकाच गाण्यातली. मला वाटतं, त्याच्या मनातला त्या ओळींचा आवाज अगदी कोरडा होता. एका ओळीत माणूस मारायचा, पुढच्या ओळीत यमक जुळवायचं, आणि चेहऱ्यावरची सुरकुतीही हलू द्यायची नाही. त्या कोरडेपणावर कुणीतरी वादळ, घंटा आणि थरथरती व्हायोलिनं ओतली. कवितेच्या आत दडवून ठेवलेलं रडू दुसऱ्यानं चारचौघांत मोठ्यानं वाजवावं, तसं ते होतं. कवीच्या दृष्टीनं हा विश्वासघातच. ऐकणाऱ्याच्या दृष्टीनं मात्र ते रडू तिथे होतंच, हे व्हॉन विल्यम्सनं बरोबर ओळखलं. हाउसमन १९३६ साली वारला, आणि संगीतकारांना परवानगी द्यायचं त्यानं काही थांबवलं नव्हतं.

एल्वेसचा शेवट कुणी कादंबरीत लिहिला तर खोटा वाटेल. १९२१च्या जानेवारीत तो अमेरिकेच्या दौऱ्यावर होता. १२ तारखेला बॉस्टनच्या बॅक बे स्टेशनवर तो उतरला आणि गाडी हलली. गाडीतून पडलेला एक ओव्हरकोट गार्डाला परत द्यायला तो पुढे झाला, तोल गेला, गाडीचा धक्का बसला आणि काही तासांतच तो गेला. वय ५४. त्याच्या मित्रांनी त्याच्या नावानं गरजू संगीतकारांसाठी निधी उभारला. तोच पुढे म्युझिशियन्स बेनेव्होलंट फंड झाला आणि आज ‘हेल्प म्युझिशियन्स’ या नावानं चालू आहे.

या गाण्यांनी पुढे कुणाला काय दिलं, हे पाहताना आयव्हर गर्नीचं नाव घ्यायलाच हवं. ग्लॉस्टरचा हा मुलगा कवीही होता आणि संगीतकारही. १९१७ साली आघाडीवर आधी गोळी आणि मग विषारी वायू त्याच्या वाट्याला आले. परतल्यावर ‘ऑन वेनलॉक एज’ ऐकून तो भारावला आणि त्यानं त्याच जोडणीसाठी, टेनर, पियानो आणि तंतुवाद्यांची चौकडी, हाउसमनच्याच कवितांवर ‘लडलो अँड टीम’ लिहिलं. रॉयल कॉलेजात तो व्हॉन विल्यम्सचा विद्यार्थीही होता. १९२२ साली त्याला मनोरुग्णालयात ठेवावं लागलं, आणि १९३७च्या नाताळच्या दुसऱ्या दिवशी तो मनोरुग्णालयातच वारला. पीटर वॉरलॉकचं ‘द कर्ल्यू’ हे याच कुळातलं, पण त्याहून काळोखं. येट्सच्या कविता, आवाजाबरोबर बासरी, कॉर आंग्ले हे ओबोच्या जातीचं, त्याहून खालच्या पट्टीतलं वाद्य आणि चौकडी. त्याची पहिली मुद्रिका १९३१ साली, वॉरलॉकच्या मृत्यूनंतर काही महिन्यांत निघाली ती नॅशनल ग्रामोफोनिक सोसायटीकडून. ‘द ग्रामोफोन’ मासिकाचा संपादक कॉम्टन मॅकेंझी यानं १९२४ साली काढलेली ही संस्था वर्गणीदारांच्या जोरावर चेंबर म्युझिकच्या तबकड्या काढी. मोठ्या कंपन्यांना न परवडणारं संगीत, ते हवं असलेल्यांनीच आगाऊ पैसे भरून करवून घ्यायचं. आजच्या लोकवर्गणीच्या प्रकल्पांचा हा थेट पूर्वज.

‘ऑन वेनलॉक एज’ पुढे अनेकदा मुद्रित झालं. १९४५ साली पीटर पिअर्सनं गायलं, झोरियन चौकडीबरोबर, आणि पियानोवर बेंजामिन ब्रिटन. व्हॉन विल्यम्सच्या कारागिरीबद्दल ब्रिटनचं मत काही फार चांगलं नव्हतं, पण वाजवताना त्यानं हात आखडता घेतलेला नाही. जिवंत मित्राच्या उत्तरातली अपराधी घाई त्याच्यासारखी क्वचितच कुणी वाजवली असेल. १९५० साली इंग्लंडात एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणारी तबकडी, आली आणि प्रथमच ही सहाही गाणी न उठता, सलग, घरबसल्या ऐकता येऊ लागली. माझ्या मते ध्वनिमुद्रणात वीज येण्याइतकाच हा मोठा बदल. थट्टेचं चौथं गाणं मध्ये का घातलंय, हे सलग ऐकल्याशिवाय समजतच नाही.

व्हॉन विल्यम्सनं स्वतः हे संगीत पुढे ऑर्केस्ट्रासाठीही लिहून काढलं. ते भव्य आहे आणि मला नको वाटतं. सहा माणसांनी एकमेकांचा श्वास ऐकत वाजवायची गोष्ट साठ माणसांच्या हाती गेली की वादळ मोठं होतं, पण दोन मित्रांचं बोलणं बाजारात पडतं.

पहिल्यांदाच ऐकणार असाल तर इयान पार्ट्रिजची १९७०च्या सुमाराची मुद्रिका घ्या. म्युझिक ग्रुप ऑफ लंडन साथीला आहे, आणि आवाजात कुठेही दिखावा नाही. नव्या तंत्रातली हवी तर मार्क पॅडमोर आणि ब्रिटन सिन्फोनिया यांची २०१३ सालची. तिच्यात ‘द कर्ल्यू’ही आहे, त्यामुळे दोन्ही रचना शेजारी ठेवून ऐकता येतात. हाउसमनच्या सहा कविता आधी वाचून घ्या, तिसरी तर पूर्ण वाचा, गाळलेल्या कडव्यांसकट. आणि हे सगळं झाल्यावर एल्वेसकडे जा. जुन्या तबकड्यांवरून उतरवलेलं त्याचं गाणं आज सहज मिळतं. पहिली दोन मिनिटं खरखरीशिवाय काही ऐकू येणार नाही, तेवढी सोसा.